पत्र्यावरचं नाव

पेनसिल्व्हेनिया, ३ मार्च १९९१

हासिंताताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. दाखवायचंच झालं तर मधलं गाळ आणि मी बरा आहे, जेवतो, गादी कोरडी आहे एवढं सांग. गादी कोरडी नाहीये, पण ते राहू दे.

मंगळवारी मिग्रावाले आले. गाड्या भरून. कागद नसलेल्यांना उचलून परत धाडायला. मी तेव्हा तिसऱ्या खोलीत अळंबी खुडत होतो. तुला मागे लिहिलंय ना, इथे अळंबी बिनखिडक्यांच्या खोल्यांत वाढवतात, छतापर्यंत फळ्यांवर फळ्या, त्यावर लिदीचं खत, आणि आम्ही डोक्याला दिवा बांधून त्या काळोखात खुडत बसतो. बाहेर कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळे पळाले. मीही पळालो, पण उलट्या बाजूला. माझं हे नेहमीचं. पुढची चौथी खोली रिकामी होती, दार उघडं. आत शिरलो, दिवा विझवला आणि सगळ्यात खालच्या फळीखाली पोटावर सरपटत गेलो. वरून खताचं पाणी मानेवर टपटपत होतं.

मग दार धाडकन बंद झालं. कोणी केलं माहीत नाही. बाहेर इंग्रजीत बडबड सुरू झाली. कोणीतरी दारावर मूठ आपटली. माझे दात एवढे वाजायला लागले की आवाज बाहेर जाईल म्हणून मी टोपीची कड दातांत धरली. ताई, तेव्हा मी आपल्या मातेला म्हटलं, हे दार उघडू देऊ नकोस. तुझ्या देवळात नवसाचा पत्रा लावीन, घडलेल्याचं चित्र रंगवून, खाली माझ्या नावानिशी आभार, सगळ्या गावासमोर.

आणि दार उघडलंच नाही.

आमच्यातले बरेच नेले. पोंसिआनो माझ्या वरच्या पलंगावर झोपायचा, त्याची चादर तशीच चुरगळून पडलीय. कोणी घडी घालत नाही. हात लावला तर आपला नंबर लागेल असं वाटतं. न घाबरणारा फक्त एक म्हातारा आहे, विल्फ्रेदोकाका, पोर्तो रिकोचा. त्या लोकांना जन्मापासून इथलेच धरतात, त्यांना कागदांची भीती नाही, म्हणून नाक कायम वर. मला म्हणतो, "तुम्ही पोरं आलात आणि आमची मजुरी पडली." छापा होऊन गेला, सगळे रडतायत, आणि हा पायरीवर बसून भात खातोय. असल्या माणसांत राहतो मी.

तर नाबोर पेंटरकडे जा. पत्रा चांगला कर म्हणावं. नवस राहून गेला तर पुढच्या वेळी माता का ऐकेल?

नाव लिहीत नाही. तूही पाकिटावर राउलच लिही. ज्या कार्डावर मला काम मिळालं त्यावर ते नाव आहे, त्यामुळे इथे मी राउल. माझं खरं नाव इथे एकालाही माहीत नाही.

तुझा भाऊ


लास हिगेरास, २८ मार्च १९९१

राउलमहाराज,

आईला पत्र वाचून दाखवलं, मधलं गाळून. गाळल्यावर चार ओळी उरल्या. आई म्हणाली, "एवढ्याशा निरोपाला एवढं जाड पाकीट?" ऐकू कमी येत असलं तरी डोळे शाबूत आहेत तिचे. मी म्हटलं, तिकडचा कागदच जाड असतो.

गोठ्यामागे जाऊन रडले आणि मग पेंटरकडे गेले.

नाबोर पेंटर तुला ठाऊक आहे. चित्र काढायच्या आधी फौजदारासारखा चौकशी करतो. खोली केवढी, फळ्या कशाच्या, तुझं तोंड दाराकडे होतं की भिंतीकडे. सगळं सांगितलं. मग विचारतो, "दार कोणी लावलं?"

मी म्हटलं, "मातेनं."

"माता वर ढगात असते. डाव्या कोपऱ्यात. तिथून तिचा हात दाराला पोहोचत नाही. माझ्या पत्र्यावर दार लावणारा माणूस लागतो."

"मग वाऱ्यानं लागलं असेल."

"बिनखिडकीच्या खोलीत वारा? हासिंता, मी खोटं रंगवत नाही. खोट्याचे आभार माता घेत नाही. विचार त्याला."

तर विचारतेय. दार कोणी लावलं? लवकर कळव. मेमध्ये मातेचा उत्सव आहे, त्याच्या आत पत्रा भिंतीवर गेला पाहिजे.

आणि गादी का ओली आहे? उन्हात टाक की. तिकडे सूर्य नसतो का?

हासिंता


पेनसिल्व्हेनिया, २१ एप्रिल १९९१

ताई,

गादी बाहेर टाकली तर रस्त्यावरून दिसते. गादी दिसली की माणसं मोजता येतात. म्हणून टाकत नाही.

पेंटरच्या प्रश्नानं मला कामाला लावलं. ज्याला त्याला विचारत सुटलो. सगळे पळालेले, कोणी पाहिलेलंच नाही. शेवटी मुकादम चेमा हसायला लागला. "तुला अजून माहीत नाही? अरे, तो म्हातारा."

विल्फ्रेदोकाका, ताई. भात खाणारा.

त्यानं मला आत शिरताना पाहिलं. दार ओढलं आणि त्यावर कवटीची पाटी अडकवली. पीक निघालं की रिकाम्या खोलीत विषारी औषधाची धुरी देतात, तेव्हा ती पाटी लावायची असते. मग नाकाला फडकं बांधून दारासमोर बादली उपडी घालून बसला. मिग्रावाला म्हणाला, उघड. हा म्हणाला, "उघडतो साहेब. जा आत. मागच्या वर्षी एक जण गेला होता, आता काठी घेऊन चालतो." त्यांनी याचेच कागद मागितले. कागद शर्टाच्या खिशात होते, तरी यानं आधी पँटचे सगळे खिसे उलटे केले, मग कोट, मग टोपी. तोवर ते कंटाळले.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "काका, दार तुम्ही लावलंत?"

"कुठलं दार?"

"चौथ्या खोलीचं."

"दारं लावायचीच असतात. उघडी ठेवली की माश्या शिरतात, पिकाचा सत्यानाश. शिकवलं नाही कोणी तुला?" आणि वळून चालता झाला. मला आभार मानायला तोंडच उघडू दिलं नाही. माझ्याकडे पाहतसुद्धा नाही आता.

पेंटरला सांग, म्हातारा काळसर, उंच, खांदे पुढे पडलेले. अंगावर फार मांस नाही. बादलीवर बसलेला.

पण ताई, माझं नाव घालू नकोस. मी नवस बोललो तेव्हा घाबरलो होतो, काहीही बोललो. आता जास्त घाबरलोय. परवा पाववाल्याची गाडी आली आणि मी पँट सोडलेल्या अवस्थेत संडासाच्या खिडकीतून उडी मारली. सगळे हसले. पण उडी मारायला त्यांचेही पाय उचललेच होते. "गावचा एक मुलगा" एवढंच लिहून घे. मातेला कळेल कोण ते.

भाऊ


लास हिगेरास, २० मे १९९१

फिदेंसिओ,

पत्रात तरी तुला तुझ्या नावानं हाक मारू दे. पाकिटावर राउलच आहे.

उत्सव झाला. पत्रा लागला. रागावू नकोस, नाव आहे. मी पेंटरला तुझं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "गावचे मुलगे ढीगभर आहेत. उद्या मातेनं दुसऱ्याच कुणाला वाचवलं तर?" आणि बोललेला नवस कापून फेडायचा, माझ्या जिवाला ते पटेना. म्हणून लाल अक्षरांत लिहिलंय, ऐक:

"मी फिदेंसिओ अर्रेओला, दोमितिलाचा मुलगा, पेनसिल्व्हेनियात अळंबीच्या चौथ्या खोलीत लपलो असता मला पकडू दिलं नाही, म्हणून लास हिगेरासच्या मातेचे आभार मानतो. आणि दार लावणाऱ्या विल्फ्रेदोचे."

पुढे तारीख, आणि तू राहतोस त्या गावाचं नाव. आईला वाचता येत नाही, पण तुझं नाव कसं दिसतं ते ती ओळखते. बोटानं दाखवून विचारलं, "हेच ना?" आता तिला मधलंसुद्धा सगळं सांगावं लागलं. रोज सकाळी जाते आणि त्या अक्षरांवरून हात फिरवून येते.

एक गोरी बाई आली होती उत्सवाला. मास्तरांच्या घरी उतरलीय, देवळातल्या पत्र्यांचे फोटो काढते. तुझ्या पत्र्यापाशी खूप वेळ थांबली. म्हणाली, हे फोटो मोठे करून तिकडे शहरात भिंतीवर लावणार आहेत, लोक बघायला येतील. तुझ्या जवळचंच शहर निघालं! तुला भेटायचं म्हणाली, म्हणून मी तुझा पत्ता दिला. बाई चांगली आहे, एक गुडघा टेकून नमस्कार करते, फक्त चुकीचा गुडघा.

हासिंता


पेनसिल्व्हेनिया, १६ जून १९९१

हासिंता,

काय केलंस तू. काय केलंस.

माझं नाव, खोलीचा नंबर, गावाचं नाव, सगळं एका भिंतीवर, इथून बसनं जाता येईल अशा शहरात. आणि वर पत्ता. मिग्रावाल्यांना आता कुत्रीसुद्धा लागणार नाहीत.

मी तुझं पत्र वाचून कोणाला बोललो नव्हतो. पण काल एक पांढरी गाडी आली. गोरी बाई उतरली, हातात पिशवी. आमच्या पायरीपाशी आली आणि कागद बघून नावं पुकारायला लागली. आम्ही सगळे ओढ्यापलीकडच्या झाडीत पळालो. कोणाच्या पायात बूट नव्हते, कोणाच्या तोंडाला साबण. ओढ्यातल्या तारेनं माझी पोटरी फाटली. गाडी गेली तरी कोणी बाहेर येईना. डासांनी सोलून काढलं. तिथे पडल्या पडल्या माझ्या तोंडून निघून गेलं की ती बाई बहुतेक माझ्यासाठीच आली, आणि मग पत्रा, फोटो, तू दिलेला पत्ता, सगळंच.

मग काय. "तुझ्या बहिणीनं आम्हाला विकलं," म्हणाले. एकानं चिखल फेकला. चेमा मुकादम म्हणाला, "राउल का कोण असशील तो, ते नाव भिंतीवरून काढ, नाहीतर तू इथून नीघ. तुझ्यामुळे मी माझी माणसं घालवणार नाही." कुठे जाऊ? फ्लोरिडाला संत्री आहेत म्हणतात, पण तिथवरची बस तपासतात. ओळखीचं कोणी नाही. इथे निदान कुठून पळायचं ते पाठ झालंय.

त्या बाईला अडव. पत्र्यावरचं नाव खरवडून टाक. पेंटर काय म्हणतो ते मला सांगू नकोस. माता रागावली तर माझ्यावर रागावू दे. पिशवी भरून ठेवलीय, तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो.

विल्फ्रेदोकाकानं पोटरीला पट्टी बांधली. पट्टी फार घट्ट बांधली, मुद्दाम असेल.


लास हिगेरास, १४ जुलै १९९१

फिदेंसिओ,

पिशवी सोड. बाईचा प्रश्न मिटला.

तुझं पत्र आलं तशी मी पिठाच्या हातांनी मास्तरांकडे गेले. म्हटलं, "माझ्या भावाचा फोटो द्या." बाई म्हणाली, अजून धुतलेलाच नाही, उत्सवाचे सगळे फोटो एकाच रोळात आहेत. नाव झाकून टाकीन, शपथ घेते. मी म्हटलं, "बाई, तुमची शपथ खरी असेल. पण तुम्ही आजारी पडलात, सामान हरवलं, दुसऱ्याच्या हाती गेलं, तर? तो झाडीत अनवाणी पडून होता." तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तारेनं पोटरी फाटली तिथवर आले आणि तिनं मला थांबवलं. आत गेली, तो रोळ आणला आणि माझ्यासमोर भर उन्हात टोकापर्यंत ओढून बाहेर काढला. नाचणारे, फटाके, मुलं, सगळं उन्हानं जळून गेलं. मग पायरीवर बसून राहिली. मी तिला पेरू दिले. दुसरं काय देणार? तुला भेटायला ती आलीच नव्हती, ती इथून हललेलीच नाही. ती पांढऱ्या गाडीतली कोण होती, देव जाणे.

तुझ्या मुकादमासाठी नावही खरवडलं. पेंटर हात लावेना, म्हणून मीच सुरी घेतली. फक्त नाव. बाकी अक्षरं आहेत.

आणि इथे माझी चूक झाली. आईला आधी सांगायला हवं होतं. ती सकाळी गेली, हात फिरवला, आणि तिथेच खाली बसली. तुला आठवतं, गॉदेंसिओचा मुलगा नदीत बुडाला तेव्हा बापानं मातेवरच्या रागानं आधी लावलेल्या पत्र्यावरचं त्याचं नाव सुरीनं काढलं होतं? आईनं आयुष्यात तसं एकदाच पाहिलंय. आता ती म्हणते, माझा मुलगा गेला आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. मी सांगितलं, समजावलं. मातेची शपथ घेतली. "तू आधीही मधलं गाळून वाचलंस," म्हणते. पत्र दाखवलं तर म्हणते, "तूच लिहिलं असशील." जेवत नाही. खिडकीला काळं फडकं लावलंय. शेजारणी येऊन तिच्यासोबत बसतात, आणि त्यांना बघून कधीकधी मलाच शंका येते रे.

तिला तुझा आवाज ऐकू आल्याशिवाय हे सुटणार नाही. दर रविवारी दुपारी मी तिला रोसेंदोच्या दुकानात फोनपाशी घेऊन बसेन. मला माहितीये, तुमचा फोन गावात आहे आणि गावात जायला तू भितोस. तरी सांगतेय.

हासिंता


पेनसिल्व्हेनिया, ५ ऑगस्ट १९९१

ताई,

आईनं तुला घरी जाऊन काय सांगितलं माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

आधी ती पांढरी गाडी. ती परत आली. क्षयाची तपासणी करणारी सरकारी नर्स निघाली. आम्ही झाडीत ज्या बाईला घाबरून पडलो होतो ती दंडाला सुई टोचायला आली होती. चेमा म्हणाला, सुईला घाबरून पळालेली एवढी दणकट माणसं तिनं कधी पाहिली नसतील. माझी माफी कोणी मागितली नाही, पण ज्यानं चिखल फेकला होता त्यानं मला अंडं दिलं.

तुझं पत्र आलं त्या रविवारी मी गेलो नाही. पुढच्याही नाही. फोन कपडे धुवायच्या मशिनींच्या दुकानात आहे, आणि पोंसिआनोचा चुलतभाऊ तिथूनच उचलला गेला, हातात ओले टॉवेल होते. मी आमच्या दाराशी यायचो आणि तिथूनच परत फिरायचो. मनात सारखं येत होतं की आई तिकडे खुर्चीवर बसलीय.

काल विल्फ्रेदोकाका गाडी पुसत होता. मी म्हटलं, "काका, माझी आई मला मेलेला समजतेय." सगळं सांगितलं, पत्र्यापासून. दार लावणारा म्हणून तोही त्यावर आहे, तेही. तो कितीतरी वेळ एकच काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मागे आडवा हो. वर कपड्यांच्या पिशव्या घेतो."

दुकानात शिरलो आणि समोर पोलीस. गणवेशातला. सुकवायच्या मशिनीसमोर उभा राहून लहान मुलांचे कपडे घड्या करत होता. मी वळलो, तर काका मागे. त्यानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "कपडे धुणाऱ्या माणसाला काय घाबरतोस? चल." पण त्याचा आवाजही नेहमीसारखा नव्हता.

फोन लागला. तू म्हणालीस, देते. मग आई.

"कोण?"

"मी, आई."

"मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात."

ताई, इथे बोलून बोलून जिभेला सवय झालीय, आणि पोलीस हातभर अंतरावर. तोंडातून "राउल" आलं. तुला कळलं असेल काय झालं ते. आई म्हणाली, "हा कोण राउल? हासिंता, हा त्याच्या मरणाची खबर द्यायला आलाय," आणि रडायला लागली. त्या पोलिसाच्या मशिनीत काहीतरी लोखंडी होतं, ते ठणाठण आपटत होतं, तिला माझं काही ऐकू जाईना. आणि मग मी ओरडलो. सगळ्या दुकानात. फिदेंसिओ! फिदेंसिओ अर्रेओला! दोमितिलाचा मुलगा! लास हिगेरासचा! दोनदा ओरडलो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोलिसानंही. मी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. निदान नाव तरी सांगून झालं.

ठणठण थांबली. डोळे उघडले तर त्यानं मशिनचं दार उघडून धरलं होतं. माझ्याकडे बघत नव्हता. आतून पट्टा काढला, खिशात टाकला आणि मशिन परत सुरू न करता तसाच उभा राहिला. का, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही. कदाचित पट्टाच हवा असेल त्याला.

आणि तेवढ्या शांततेत आई म्हणाली, "मग ओरडतोस कशाला? जेवलास का?"

मी म्हटलं, जेवलो. ती म्हणाली, "तो दार लावणारा आहे का तिथे? दे त्याला."

मी फोन दिला. काकानं टोपी काढली. कानाला लावून ऐकत राहिला, बराच वेळ. एकदा "हो बाई" म्हणाला. मग नाणी संपली.

परत येताना मी पिशव्यांखाली आडवा, आणि पुढून आवाज आला, "फिदेंसिओ."

इथल्या माणसाच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काय, काका?"

"काही नाही. बघत होतो. राउल बरं होतं, तोंडात मावायचं."

मी विचारलं, आई काय म्हणाली. तर म्हणे, "चित्रात मी उपाशी दिसतो म्हणाली. कोण आहे रे तो पेंटर?" मी म्हटलं, "काका, मला तुमचे आभार..." "गप पडून राहा," म्हणाला, "पुढे चौकात गाडी उभी आहे कसलीतरी." म्हणून मी ते पिशव्यांखालूनच म्हटलं, हळू. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. पण चौक गेल्यावर तो शिट्टी वाजवत होता.

मी थांबतोय इथेच. भीती गेलेली नाही. आता खाली कोणाची तरी गाडी लागली तेव्हा मी मधेच उठून खिडकीशी जाऊन आलो. चेमाला मी सांगितलंय, फोटो नाही, बाई नाही. आपल्या गावच्या देवळाची भिंत वाचायला मिग्रावाला एवढ्या लांब येत नाही. त्यानं खांदे उडवले.

तर पेंटरकडे जा आणि नाव परत घालून घे. सगळं, आडनावासकट. आईला सोबत ने. तो लिहीत असताना तिला तिथेच बसव, म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत होईल.

फिदेंसिओ